मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी
(प्रस्तावना)

या पुस्तकात शहराशहरांमधील हवाई अंतरांची आणि उड्डाणास लागणाऱ्या वेळेची जी कोष्टके वाचकांच्या हाती दिली आहेत, त्यांच्या प्रत्येक ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले आहेत; आणि ते एकाच ओळीत बसलेले असल्यामुळे एकाच जातीचे असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या दोहोंची कुळे सर्वस्वी निराळी आहेत. पहिला आकडा, म्हणजे अंतराचा, पृथ्वीच्या गोलाईने ठरवून दिलेला असून तो कोणत्याही सरकारच्या हुकुमाने अगर कोणत्याही यंत्राच्या सामर्थ्याने तसूभरही हलत नाही. दुसरा, म्हणजे वेळेचा, हा मात्र वारा, यंत्र, राज्यांच्या हद्दी आणि विमानतळांवरील गर्दी या चौघांनी मिळून ठरविलेला, ऋतूबरोबर बदलणारा, जाताना एक आणि येताना दुसरा असा असतो. हा भेद वाचकाच्या मनात पक्का ठसावा म्हणून कोष्टकातील शेकडो ओळींपैकी एकच ओळ येथे विस्ताराने उलगडून दाखविण्याचे मी योजिले आहे, आणि ती ओळ मुंबई ते लंडन ही आहे. गेली दीडदोनशे वर्षे महाराष्ट्रातील विद्यार्थी, बॅरिस्टर, राजकीय पुढारी, डॉक्टर आणि आता संगणकतज्ज्ञ ज्या वाटेने गेले, आणि ज्या वाटेकडे त्यांच्या घरच्यांनी डोळे लावून ठेवले, त्या वाटेइतकी दुसरी कोणतीही वाट आपल्या परिचयाची नाही.

प्रथम अंतराचा विचार करू. मुंबईपासून लंडनपर्यंतचे सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे सागरी मैलांत मोजल्यास ३,९०० मैलांच्या आसपास भरते. शाळेतील भिंतीवर टांगलेल्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांना जोडणारी रेघ ओढली, तर ती अरबी समुद्र ओलांडून अरबस्तानावरून आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकावरून युरोपात शिरते, आणि हाच सरळ मार्ग असे आपण लहानपणापासून मानीत आलेलो असतो. परंतु ज्याच्या घरी पृथ्वीचा गोल असेल त्याने शिवणकामाचा एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरावे, दुसरे लंडनवर ताणावे, आणि दोरा आपोआप जेथे स्थिरावेल तेथील नावे वाचावीत. तो दोरा मुंबईहून पश्चिमेस न जाता वायव्येस निघतो. सौराष्ट्राला स्पर्श करून थेट कराचीवर जातो. तेथून बलुचिस्तान व इराण ओलांडून कॉकेशसच्या पर्वतराजीत शिरतो. काळ्या समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यावरून, क्रिमियाच्या कडेने, युक्रेनवर येतो. आणि दक्षिण पोलंडमधील क्राकूव्ह शहराजवळून जर्मनीवरून लंडनला पोहोचतो. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंना जोडणाऱ्या या लघुतम वाटेस भूगोलवेत्ते बृहद्वृत्त म्हणतात. सपाट नकाशावरील रेघ धरून गेल्यास जवळजवळ दोनशे किलोमीटर अधिक पडतात. कराची, इराण, क्रिमिया ही नावे वाचकाने ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांच्याशी आपल्याला काम आहे.

एक किरकोळ खुलासा येथेच उरकून घेतो. निरनिराळ्या पुस्तकांत याच दोन शहरांमधील अंतर पाच-दहा किलोमीटरच्या फरकाने दिलेले आढळते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, ती पूर्ण गोल धरावी की चपटी, आणि मोजणी शहराच्या मध्यापासून करावी की विमानतळापासून, यावर तो फरक अवलंबून असतो. हीथ्रो हे लंडनच्या मध्यभागापासून वीस-बावीस किलोमीटर पश्चिमेस आहे, आणि आपले सहार फोर्टपासून जवळपास तितकेच उत्तरेस. गणितात यामुळे फारसे बिघडत नाही. प्रवाशाच्या दिवसात मात्र पुष्कळ बिघडते, ते यथावकाश पाहू.

अंतर स्थिर आणि अवधी चंचल, हे विधान ज्यांना केवळ शब्दांचा खेळ वाटेल त्यांनी या वाटेचा इतिहास डोळ्यांखालून घालावा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून जाणारी जुनी जलवाट सुमारे १०,७०० सागरी मैलांची होती, आणि शिडाच्या जहाजांना ती काटावयास कित्येक महिने लागत. इतके की विलायतेतील मालकांनी येथील अंमलदारास लिहिलेल्या खलित्याचा जबाब हाती पडेपर्यंत ज्या प्रकरणाविषयी तो लिहिला त्याचा निकालही लागून गेलेला असे. १८३० साली मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने वाफेवर जाता येते हे तिने सिद्ध केले. तिच्या पोटात पुरेसा कोळसा मावत नसल्यामुळे जागा मिळेल तेथे तो भरावा लागला, आणि एडनला थांबून पुन्हा कोळसा घ्यावा लागला. तरीही सुमारे महिन्याभरात तिने सुएझ गाठले. पुढे १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई ते लंडन ही जलवाट एकदम सुमारे ६,२०० सागरी मैलांवर आली. पृथ्वी तीच, शहरे तीच. पण वाळवंटात एक चर खणल्याने साडेचार हजार मैल गळाले. मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानचे पश्चिम महाद्वार झाले ते यानंतर. लगोलग १८७० साली समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेने मुंबईचा इंग्लंडशी संबंध जुळला, त्यामुळे बातमी काही तासांत आणि माणूस तीन आठवड्यांत, अशी ताटातूट झाली.

तीन आठवडे हा अवधी त्यानंतर पुष्कळ काळ टिकला, आणि आपल्या सार्वजनिक जीवनातील कितीतरी प्रसंग त्याच्या चौकटीत बसलेले आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ ही बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून सुटली. ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. आणि २२ जुलैला त्यांना मुंबईत उतरविण्यात आले. या तीन तारखा एकापुढे एक मांडल्या, की तत्कालीन प्रवासाचे वेळापत्रकच आपल्यापुढे उभे राहते : इंग्लंड ते मार्सेय एक आठवडा, मार्सेय ते मुंबई दोन आठवडे. ज्यांना घाई असे आणि ज्यांची ऐपत असे ते मार्सेयला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडीत आणि स्पेनला पडणारा सागरी वळसा चुकवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले. परिषदेचे उद्घाटन १२ नोव्हेंबरला व्हावयाचे होते. महिन्याहून अधिक अवकाश हाताशी ठेवून निघणे ही त्या काळी चैन नव्हती, तो रिवाज होता.

आणि तरीही बाबासाहेब निघाले त्याच्या आधीच आकाशातील वाट उघडलेली होती. ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळील क्रॉयडन येथून इम्पीरियल एअरवेजची पहिली हिंदुस्थानी डाक निघाली ती कराचीस यावयास सात दिवस लागणार होते. तिला हवाई डाक म्हणणेही काहीसे सवलतीचेच होते. बाझलपर्यंत विमान, पुढे आल्प्स ओलांडणे त्या विमानांच्या आवाक्याबाहेरचे म्हणून जिनोआपर्यंत आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, आणि तेथून पुढे इराक व इराणचा किनारा धरून तिसरे विमान, अशी ती टप्प्याटप्प्याची मजल होती. रात्री उड्डाण नसे, मुक्काम पडत. अम्मान आणि बगदाद यांच्यामधील वाळवंटात वैमानिकास दिशा कळावी म्हणून ब्रिटिश हवाई दलाने पूर्वीच जमीन नांगरून काढलेली रेघ होती, आणि ती मैलोगणती खालून चाललेली रेघ पाहत पाहत विमान हाकावयाचे असे.

कराचीपर्यंत आलेली ही वाट मुंबईस जोडण्याचे काम जे. आर. डी. टाटा यांनी केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानात पंचवीस किलोग्रॅम डाक घेऊन ते एकटे निघाले, अहमदाबादेस उतरले, आणि दुपारी जुहूच्या मैदानावर पोहोचले. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. दोन शहरांमधील वेळ कमी करावयास केवळ वेगवान यंत्र पुरत नाही. त्या यंत्रास लागणारे इंधन, उतरावयास सपाट जमीन, वाट पाहणारी माणसे ही सारी शृंखला जेथे सर्वांत मंद असेल तेथेच प्रवासाचा खरा वेग ठरतो, ही गोष्ट त्या बैलगाडीइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कशातही मला दिसलेली नाही. गोलावरच्या दोऱ्याचे वाचकास स्मरण असेलच : तो दोरा मुंबईहून निघून कराचीवरच जातो. म्हणजे एका तरुण वैमानिकाने डाकेच्या सोयीसाठी जी वाट धरली, ती पृथ्वीने आखून ठेवलेल्या लघुतम वाटेचाच पहिला टप्पा होती. योगायोग असा, की लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही त्याच १९३२ सालची.

स्वातंत्र्यानंतर एका वर्षाच्या आत, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले आणि १० जूनला तेथे उतरले. चार पंख्यांचे ते विमान आज आपणास संथ वाटेल. पण ज्या पिढीने तीन आठवड्यांचा समुद्र पाहिला होता तिला ते काय वाटले असेल याची कल्पना करावी. दोनच वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, तेच विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील अठ्ठेचाळीसही जण मृत्यू पावले. कोष्टकातील तासांचे आकडे खाली येण्यामागे अशीही किंमत मोजली गेली आहे, आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

१९६० साली या मार्गावर बोइंग ७०७ हे जेट विमान आले, आणि येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे, कारण ती बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्ध आहे. त्या जेटचा आकाशातील वेग तासास ९०० किलोमीटरच्या आसपास होता. आजच्या अत्याधुनिक विमानाचाही तेवढाच आहे. साठ-पासष्ट वर्षांत यंत्रविद्येने एवढी झेप घेतली, पण हा आकडा जवळजवळ जागचा हललेला नाही. अकरा किलोमीटर उंचीवरील थंड हवेत ध्वनीचा वेग तासास सुमारे १,०६० किलोमीटर असतो, आणि विमान त्याच्या फार जवळ गेले की हवेचा विरोध एकाएकी वाढून इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. म्हणून त्यानंतर अवधीत जी काटकसर झाली ती वेग वाढवून नव्हे, तर मधले थांबे गाळून झाली. इंजिने कमी इंधनात दूर नेऊ लागली, कैरो-जिनिव्हाचे मुक्काम सुटले, आणि मुंबईत बसलेला मनुष्य थेट हीथ्रोवर उतरू लागला.

आता साधा भागाकार करावा. ७,२०० ला ९०० ने भागले तर आठ तास येतात. मग वेळापत्रकात लंडनला जाण्यास नऊ ते दहा तास आणि परत येण्यास त्याहून कमी का लिहिलेले असते? उत्तर वाऱ्यात आहे. विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचे प्रवाह वाहतात. तासास दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा वेग असामान्य नव्हे. विमानाचा वेग तो भोवतालच्या हवेच्या मानाने. जमिनीच्या मानाने किती कापले जाते हे वारा कोणत्या बाजूचा यावर ठरते. सबंध वाटेवर सरासरी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आला असे धरले, तर जमिनीवरील वेग आठशे राहतो आणि नऊ तास लागतात. तोच पाठीशी असता वेग हजार होतो आणि सात तास बारा मिनिटे पुरतात. येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. जाण्यायेण्याची मिळून बेरीज सोळा तास होत नाही, ती बारा मिनिटांनी अधिकच होते. वारा जाताना जेवढे हिरावतो तेवढे येताना परत करीत नाही, कारण तो विरुद्ध असता आपण त्याच्या तावडीत अधिक काळ असतो. म्हणूनच चतुर मार्गनिर्णायक कधीकधी गोलावरच्या दोऱ्याचा मार्ग सोडून मुद्दाम लांबचा मार्ग पत्करतात, आणि तरीही लवकर पोहोचतात.

वाऱ्याशी तडजोड करता येते. राज्यांच्या हद्दींशी ती इतकी सोपी नाही. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण अधिकार मान्य केला आहे. पूर्वी वाटसरूस परक्या मुलखातून जावयाचे तर दस्तक घ्यावे लागे आणि नाक्यानाक्यावर जकात भरावी लागे. तसाच प्रकार आज दहा किलोमीटर उंचीवर चालू आहे, कारण वरून जाण्याचा परवाना लागतो आणि वरून जाण्याचे शुल्कही भरावे लागते. परवाना केव्हा नाकारला जाईल याचा भरवसा नसतो. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश मिटले ते जुलैच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी पाकिस्तानचे आकाश पुन्हा बंद झाले. आणि इराण व त्याच्या शेजारचा टापू युद्धाच्या छायेत आला की तीही वाट सोडावी लागते. मी वर जी तीन नावे ध्यानात ठेवावयास सांगितली होती ती वाचकाने येथे ताडून पाहावीत : पृथ्वीने आखून दिलेल्या लघुतम मार्गावरची ती तिन्ही ठिकाणे अलीकडच्या काळात केव्हा ना केव्हा अडलेली आहेत. त्यातल्या त्यात मुंबईस समुद्र उशाशी असल्याचा आधार आहे. अरबी समुद्रावरून मस्कतच्या बाजूने गेले तर फेरा पडतो, पण एवढ्या प्रवासाच्या मानाने तो मोठा नव्हे. उलट दिल्ली, जी बृहद्वृत्ताने मोजली असता लंडनला मुंबईपेक्षा सुमारे पाचशे किलोमीटर जवळ आहे, तिला मात्र आधी दक्षिणेकडे समुद्र गाठावा लागतो आणि आपले जवळपण ती जवळजवळ सारे गमावून बसते. शेजाऱ्यांचे वैर किती महाग असते याचा हिशेब जाळलेल्या इंधनात आणि प्रवाशांच्या वेळेत रोज मांडला जात आहे, आणि तो वाचताना मन खिन्न होते.

राहता राहिली विमानतळावरील वेळ. वेळापत्रकातील अवधी हा आकाशात घालविलेल्या वेळेचा नसून, सुटण्याच्या ठिकाणी चाकांखालील अडणी काढल्यापासून उतरल्यावर ती पुन्हा लावेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानास रांगेत ताटकळावे लागते. हीथ्रोच्या धावपट्ट्या समांतर असल्या तरी तेथील गर्दीचा लौकिक जगभर आहे. पोहोचलेल्या विमानांना बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकहॅम या चार ठिकाणांवर एकावर एक थरांनी घिरट्या घालीत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. खिडकीतून टेम्स नदीचे तेच वळण पुन्हा पुन्हा दिसू लागले, की आपण त्या थरांपैकी एकात आहोत असे प्रवाशाने समजावे. विमान कंपन्या ही संभाव्य खोटी आधीच जमेस धरून अवधी छापतात.

घड्याळाची एक अडचण नवख्या प्रवाशास, आणि त्याहूनही अधिक त्याच्या घरच्यांस, हटकून गोंधळात टाकते. छापलेल्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंड आपली घड्याळे एक तास पुढे करते, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी दोन वाजता सुटून लंडनला सायंकाळी साडेसहाला पोहोचले, तर कागदावर साडेचार तास दिसतात आणि प्रत्यक्षात दहा लागलेले असतात. हाच प्रवास जुलैत याच छापील वेळांनी झाला तर तो नऊ तासांचा होतो. परतीच्या वाटेवर उलट घडते : रात्री निघालेला मनुष्य येथे दुपार उजाडेपर्यंत पोहोचत नाही, आणि इकडे आईवडील सकाळपासूनच घड्याळ पाहत बसलेले असतात.

या पुस्तकातील अंतरे बृहद्वृत्ताची, विमानतळ ते विमानतळ अशी आहेत, आणि अवधी अडणी ते अडणी असे आहेत. वळशांमुळे व वाऱ्यामुळे पडणारा फरक ध्यानी घेऊन जेथे जाण्यायेण्याचे आकडे भिन्न आहेत तेथे ते स्वतंत्र स्तंभांत दिले आहेत. घरापासून सहारपर्यंतची वेळ, परदेशगमनासाठी तीन तास आधी हजर होण्याची वेळ, पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंतची रांग आणि हीथ्रोहून शहरात जाण्याचा तास यांपैकी काहीही त्यांत धरलेले नाही. जो सहलीसाठी निघाला आहे त्याने स्तंभातील आकडा तसाच वापरावा. परंतु जो कोणी तिकडे आजारी पडलेल्या आपल्या माणसाकडे, अगर तिकडून इकडे अंथरुणास खिळलेल्या आईवडिलांकडे धाव घेत असेल, त्याने दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून त्या घराच्या दारापर्यंत सोळा-सतरा तासांचा हिशेब धरावा, आणि घरच्यांस तोच सांगावा.